कुणाला सहा वर्षे, कुणाला जन्मभर

२०२१च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सगळ्या तमिळनाडूचे लक्ष देवनहळ्ळीजवळच्या एका रिसॉर्टाकडे लागले होते. जयललितांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यातली चार वर्षांची सजा भोगून व्ही. के. शशिकला तिथे उतरल्या होत्या. २७ जानेवारीला सजा संपली तेव्हा त्या कोविडमुळे बेंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात होत्या. सुटकेचे कागद तिथेच पुरे झाले. ३१ तारखेला रुग्णालयातून ज्या गाडीतून त्या निघाल्या तिच्यावर अण्णाद्रमुकचा झेंडा होता आणि त्यावरून चेन्नईत लगेच काहूर उठले. ८ फेब्रुवारीला ताफा देवनहळ्ळीहून चेन्नईकडे निघाला. एरवी सहा-सात तासांची वाट. जागोजागच्या स्वागतामुळे जवळजवळ अख्खा दिवस लागला.

निवडणूक दोन महिन्यांवर होती. मिरवणुकीत फुले उधळणाऱ्यांनाही ठाऊक होते की बाईंना उमेदवारी अर्ज भरता येणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८ सांगते की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तुरुंगवास झालेला माणूस दोषी ठरल्या दिवसापासून अपात्र ठरतो आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे अपात्रच राहतो. त्यामुळे शशिकलांचा हिशेब २७ जानेवारी २०२७पर्यंत जातो. सजेचे दिवस मोजताना खटल्याच्या काळात काढलेली कोठडी वजा होते. कोर्टात त्याला ‘सेट-ऑफ’ म्हणतात. या सहा वर्षांतून मात्र कोठडीचा एक दिवसही वजा होत नाही.

या खटल्याने बेंगळुरूच्या न्यायव्यवस्थेला बरेच काही शिकवले. निःपक्ष सुनावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाने तो २००३मध्ये तमिळनाडूतून कर्नाटकात आणला. २७ सप्टेंबर २०१४ला विशेष न्यायाधीश जॉन मायकेल डिकुन्हा यांनी परप्पन अग्रहार तुरुंगाच्या आवारातच निकाल दिला: जयललितांना चार वर्षे कैद आणि १०० कोटी दंड, शशिकला आणि आणखी दोघांना चार वर्षे आणि प्रत्येकी १० कोटी. निकालासरशी जयललितांचे मुख्यमंत्रिपद गेले, आमदारकी गेली. ११ मे २०१५ला कर्नाटक उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले, तेव्हा जयललिता परत मुख्यमंत्री झाल्या. १४ फेब्रुवारी २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल कायम केला, तोवर त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. मेलेल्या माणसावरचे अपील पुढे चालत नाही. शशिकला दुसऱ्या दिवशी शरण आल्या. दंड भरला नसता तर आणखी एक वर्ष आत काढावे लागले असते. नोव्हेंबर २०२०मध्ये दहा कोटी भरले गेले आणि ते वर्ष वाचले. जप्त झालेले दागिने आणि जमिनींचे कागद फेब्रुवारी २०२५मध्ये बेंगळुरूच्या न्यायालयातून तमिळनाडू सरकारच्या हवाली झाले. आरोपी क्रमांक एकच्या मृत्यूला तेव्हा आठ वर्षे उलटली होती.

कैद संपते, दंड फिटतो आणि तरीही मागे जे उरते, ते निकालपत्राच्या शेवटच्या पानावर कुठेच लिहिलेले नसते, हे या प्रकरणात नीट दिसते. न्यायाधीश आरोपीला इतकी वर्षे आणि इतका दंड एवढेच सांगतात. बाकीचे निवडणूक कायदा, पासपोर्टचा कायदा, नोकरीचे नियम, पेन्शनचे नियम असे विखुरलेले असते आणि ज्याचे त्याला वेळ आल्यावर कळते.

पुढाऱ्यांना ते लवकर कळते, कारण त्यांच्याकडे वकील असतात. इतर गुन्ह्यांसाठी, म्हणजे कलम ८(३)खाली, अपात्रतेचा उंबरठा दोन वर्षांच्या कैदेचा आहे. दोन वर्षे पुरी झाली तर पद गेले. एक दिवस कमी असेल तर राहिले. २०२३मध्ये सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधींना बदनामीच्या खटल्यात नेमकी दोन वर्षे दिली, त्या गुन्ह्याला असलेली कमाल शिक्षा. दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तेव्हा नेमके हेच विचारले की कमाल शिक्षा का, याचे कारण निकालात कुठे आहे? २०१३पूर्वी आमदार-खासदारांना तीन महिन्यांत अपील केले की खुर्ची सांभाळता येत असे. त्या वर्षीच्या १० जुलैला लिली थॉमस खटल्यात ती सवलत घटनाबाह्य ठरली आणि दोषसिद्धीवर ‘स्टे’ मिळवणे ही वकिलांची नवी शर्यत सुरू झाली.

वर्तमानपत्रांत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. शिक्षेला स्थगिती मिळाली की माणूस जामिनावर घरी येतो. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली तरच त्याचे नाव अपात्रतेतून सुटते. पहिली सहज मिळते, दुसरी क्वचित. सुनील केदारांचे उदाहरण आपल्याकडचेच आहे. नागपूर जिल्हा बँकेच्या रोखे घोटाळ्यात २२ डिसेंबर २०२३ला त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी लागलीच गेली. पुढच्या महिन्यात उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित केली, ते बाहेर आले, सभा गाजवू लागले; पण दोषसिद्धी उभीच होती. नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत सावनेरमधून त्यांच्या पत्नीला उभे राहावे लागले आणि त्या हरल्या. संजय दत्तनेही २००९मध्ये लखनौहून लढायला दोषसिद्धीवर स्थगिती मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. दोनच वर्षांपूर्वी नवज्योतसिंग सिद्धूंना मात्र ती मिळाली होती. गुन्हा काय जातीचा, यावर हे ठरते असे म्हणतात. माझ्या मते ते पुरते कुणालाच ठरवता आलेले नाही.

पुढाऱ्यांसाठी आणखी एक खिडकी आहे, तिची फारशी चर्चा होत नाही. कलम ११खाली निवडणूक आयोगाला अपात्रतेचा काळ कमी करता येतो. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग गाय-वाटपाच्या घोटाळ्यात वर्षभराची सजा भोगून ऑगस्ट २०१८मध्ये सुटले, मे २०१९मध्ये आमदार नसताना मुख्यमंत्री झाले आणि सप्टेंबरात आयोगाने त्यांची सहा वर्षे एक वर्ष एक महिन्यावर आणली. मग ते पोटनिवडणूक लढले.

सहा वर्षे पुरेशी नाहीत, दोषी पुढाऱ्यांवर आजन्म बंदी हवी, अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्र सरकारने तिला विरोध करणारे प्रतिज्ञापत्र दिले. आजन्म बंदी अवाजवी कठोर होईल, परिणामाला काळाची मर्यादा असली की जरबही राहते आणि माणसावर अन्यायही होत नाही, असा त्यातला युक्तिवाद आहे. तो वाचून मला राग आला नाही. युक्तिवाद बरोबर आहे. फक्त तो तलाठ्याला, कारकुनाला, ड्रायव्हरला का लागू होत नाही, एवढाच प्रश्न पडतो.

दिल्लीच्या सरकारी दूध योजनेतल्या एका रोखपाल कारकुनाचे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९६२मध्ये त्याचा मुलगा वारला. मग बायको वरच्या मजल्यावरून पडून जबर जखमी झाली. मग मुलगी आजारी पडली, ती आठ महिने. त्या दिवसांत त्याने पाचशे रुपये भरणा न करता वापरले आणि नंतर परत केले. दंडाधिकाऱ्याने त्याला दोषी ठरवले, पण ही सगळी कहाणी निकालात लिहून परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, सोडले. तुरुंगाचे तोंड त्याने पाहिले नाही. तरीही १९६४मध्ये खात्याने चौकशी न करता त्याला बडतर्फ केले. घटनेच्या कलम ३११मध्ये सरकारी नोकराला चौकशीशिवाय काढता येत नाही असे म्हटले आहे आणि लगेच पुढे अपवादही दिला आहे: फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेला असेल तर चौकशीची गरज नाही.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांपुढे आले ते १९८५मध्ये. परिवीक्षा कायद्याचे कलम १२ म्हणते की बंधपत्रावर सुटलेल्याला दोषसिद्धीची अपात्रता चिकटणार नाही. ते कलम नोकरी वाचवत नाही, असे चंद्रचूडांनी सांगितले. नोकरीतून काढणे ही अपात्रता नव्हे, वर्तनाबद्दलची शिक्षा आहे. पण अधिकार आहे म्हणून तो कसाही वापरायचा नाही, हेही त्यांनी बजावले. नो-पार्किंगमध्ये स्कूटर लावल्याबद्दल दोषी ठरलेल्या नोकरालाही मग बडतर्फ करायचे काय, असा त्यांचा रोख होता. कारकुनाला मागच्या पगारासह परत घ्यायचा आदेश झाला. पाचशे रुपयांच्या चुकीला एकवीस वर्षे लागली, आणि हा जिंकलेला खटला आहे.

अपील चालू आहे, निकाल उलटू शकतो, तोवर थांबा, असे खात्याला सांगता येत नाही. १९९५पासून सर्वोच्च न्यायालयाचे तेच मत आहे. निवृत्तीनंतरही सुटका नाही. महाराष्ट्राच्या १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांत पेन्शन पुढच्या सद्वर्तनावर अवलंबून ठेवली आहे, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलात तर ती थांबू शकते. पुढाऱ्याला सहा वर्षांनी तिकीट मिळते. कारकुनासाठी कलम ११सारखी खिडकी कुठल्या कार्यालयात उघडत नाही.

कमीत कमी किती लहान गुन्ह्याला हे लागू होते? १९९६च्या एका निकालात हरियाणातल्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याची गोष्ट आहे. सार्वजनिक जागी अश्लील वर्तनाच्या कलमाखाली त्याला वीस रुपये दंड झाला होता. वीस रुपये भरून तो मोकळा झाला असे त्याला वाटले, नोकरी गेली. ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ हा शब्दप्रयोग आपल्या ढीगभर नियमांत आहे आणि त्याची व्याख्या एकाही कायद्यात नाही. न्यायालयाने त्या माणसाला दिलासा दिला आणि संसदेला सुचवले की दोन हजारांपर्यंतचा दंड झालेल्या किरकोळ प्रकरणांना नोकरीपुरती दोषसिद्धी धरूच नये. त्या सूचनेला जवळजवळ तीस वर्षे झाली.

तालुक्याच्या न्यायालयात हे रोज घडते. श्रावणात पत्त्यांच्या अड्ड्यावर धाड पडते, दहा-बारा पोरे उचलली जातात, दोन-चार वर्षांनी समन्स येते. बाहेर उभा असलेला कुणीतरी सांगतो, कबूल कर, दोन-पाचशे भर, तारखा संपतील. पोरगा ‘गुन्हा कबूल’ म्हणतो, पावती घेतो आणि एसटी पकडतो. ती पावती म्हणजे दोषसिद्धी आहे, हे त्याला तिथे कुणी सांगत नाही. लोकअदालतीत निकाली निघालेल्या प्रकरणांचे आकडे मोठ्या अभिमानाने छापले जातात. त्यात अशी किती ‘कबूल’ असतात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मग पोलिस भरती होते, निवड यादीत नाव येते आणि हातात साक्षांकन नमुना पडतो. त्यातला एक रकाना सगळे एका दमात विचारतो: कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, बंधपत्र घेतले होते का, दंड झाला होता का, दोषी ठरला होता का. खाली तंबी: माहिती दडवल्यास सेवा समाप्त. खरे लिहिले तर नेमणूक अडते, खोटे लिहिले तर फसवणूक. २०११मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या बाबतीत न्या. मार्कंडेय काटजूंनी तरुणपणीच्या चुका माफ करायला शिका असे सुनावले. २०१६मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने नियम घालून दिले, की घोषणाबाजीसारख्या किरकोळ गोष्टीकडे मालक काणाडोळा करू शकतो. ‘करू शकतो’ आणि ‘केलाच पाहिजे’ यांतल्या फटीत अजून शेकडो याचिका पडतात.

आता परत देवनहळ्ळीकडे. मराठी प्रवाशाला हे नाव ठाऊक असते ते विमानतळामुळे, फार तर टिपू सुलतानाचे जन्मगाव म्हणून. याच तालुक्यात कोरमंगल नावाचे खेडे आहे. शहरातले स्टार्टअपवाले कोरमंगल ते वेगळे. या खेड्यात कर्नाटकाचे खुले कारागृह आहे, सत्तरच्या दशकात सुरू झालेले. उंच भिंती नाहीत, शेती आहे, आणि जागा शंभर कैद्यांनाही पुरणार नाही एवढी. बंद तुरुंगात बराच काळ नीट वागलेल्यांना इथे पाठवतात, म्हणजे सुटण्याआधी त्यांना मोकळ्या जगण्याची सवय व्हावी. बेंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहातल्या एका कैद्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राचा सर्वोच्च न्यायालयाने खटला केला आणि १९९६च्या निकालात देशातल्या तुरुंगांचे नऊ प्रश्न मांडले. त्यातला नववा खुल्या कारागृहांचा होता.

ही कल्पना आपल्याकडेही रुजली, आणि तिचा एक धागा बेंगळुरूतूनच जातो. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनियर तीसच्या दशकात म्हैसूर संस्थानाच्या बेंगळुरूतल्या विद्युत कारखान्यात होता. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव आप्पासाहेब पंत त्याला औंधला घेऊन आले. संस्थानात लोकांच्या हाती कारभार देण्याची १९३९ची घटना त्या मंडळींच्या धडपडीतून आली आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी राहिली, जिथे गंभीर गुन्ह्यांतले कैदी बेड्यांशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. पुढे याच फ्रीडमनने मुंबईत निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत आणली आणि जगाला त्याची ओळख तेवढीच उरली. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी त्या वसाहतीवरून कथा लिहिली. १९५७मध्ये शांतारामबापूंनी तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ केला. सिनेमा बर्लिनला गाजला. स्वतंत्रपूर आजही महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे.

सिनेमातले सहा कैदी भाजी विकायला बाजारात जातात आणि बाजार त्यांना झोडपतो. कोरमंगलचा कैदी सुटला की त्याला बाजार झोडपणार नाही, नियम अडवतील. तालुक्यातला सगळ्यात मोठा रोजगार विमानतळाचा. सामान चढवणे, सफाई, खानपान, टॅक्सी. पण विमानतळाच्या आत काम करायचे तर नागरी उड्डाण सुरक्षा विभागाचा प्रवेशपास लागतो आणि त्याआधी पूर्वचारित्र्याची पोलिस पडताळणी. प्रवासी वाहन चालवायच्या बिल्ल्यासाठीही पोलिसांचा कागद. परदेशी मजुरीला जायचे तर १९६७च्या पासपोर्ट कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक कैद झाली असल्यास दोषसिद्धीनंतर पाच वर्षे पासपोर्ट नाकारता येतो. निदान ही बंदी मुदतीची आहे, आणि लांब सजेच्या कैद्याची ती आतच संपून जाते. बाहेर त्याला मतही देता येते. गंमत अशी, की दोषी ठरून जामिनावर असलेला माणूस मत देऊ शकतो, आणि एकाही गुन्ह्यात दोषी न ठरलेला, जामिनाला पैसे नाहीत म्हणून कोठडीत सडणारा कच्चा कैदी देऊ शकत नाही.

शिवाय नोंद राहते. २०२२च्या ओळख-नोंदणी कायद्याने बोटांचे ठसे, बुबुळांचे ठसे, मोजमापे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पंचाहत्तर वर्षे ठेवायला परवानगी दिली आहे. विशीत दोषी ठरलेला पंच्याण्णव वर्षांचा होईपर्यंत. तो निर्दोष सुटला तरच, आणि आधीची दोषसिद्धी नसली तरच, नोंद पुसायची. मालमत्तेच्या गुन्ह्यात परत सापडला तर जुनी दोषसिद्धी शिक्षा वाढवते, ते समजण्यासारखे आहे, आणि तिथे कायद्याने काळजीही घेतली आहे: नव्या गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत जुन्या शिक्षेचा आरोप न्यायाधीशाने आरोपीला वाचून दाखवायचा नाही, म्हणजे मन आधीच कलुषित होऊ नये. न्यायाधीशावर ठेवलेला हा संयम नोकरी देणाऱ्यावर कुणी ठेवलेला नाही. नोकरी देणाऱ्याला आधी जुनेच वाचायचे असते.

इंग्लंडने १९७४मध्ये कायदा करून ठरवले की ठरावीक काळ पुन्हा गुन्हा घडला नाही तर बहुतेक दोषसिद्धी ‘संपलेल्या’ समजाव्यात आणि साध्या नोकरीच्या अर्जात त्या सांगायची सक्ती नसावी. मुलांसोबतचे काम, पोलिस खाते असे अपवाद ठेवले, अतिदीर्घ शिक्षा वगळल्या. आपल्याकडे हे तत्त्व परके नाही. बालगुन्हेगारांसाठी २०१५च्या कायद्यात ते स्पष्ट आहे: अपात्रता नाही, नोंदी नष्ट करायच्या, सोळा वर्षांवरच्या, घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा तेवढा अपवाद. पुढाऱ्यांसाठी सहा वर्षांचे आहे. मधल्या कोट्यवधी सज्ञान, बिनखुर्चीच्या माणसांसाठी नाही. त्यांच्या दोषसिद्धीच्या परिणामांना मुदत घालायला नवे तत्त्वज्ञान लागत नाही, फेब्रुवारी २०२५चे केंद्राचे प्रतिज्ञापत्र पुरेल.

तोवर जे हातात आहे ते वकिलाच्या हातात आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीला ऐकून घेणे अनेक खटल्यांत बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ते पाच मिनिटांत, त्याच दुपारी उरकते. ‘घरी म्हातारी आई आहे, दया करावी’ एवढेच टिपले जाते. त्या पाच मिनिटांत परिवीक्षा कायद्याचा अर्ज द्यावा, कलम १२चा लाभ आदेशात स्पष्ट लिहून मागावा, सजा दोन वर्षांच्या आत का असावी हे सांगावे. पहिल्याच गुन्ह्याच्या, किरकोळ प्रकरणांत तरी हे होऊ शकते. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला तत्काळ, फुकट मिळते, आणि ती नीट घडी करून खिशात ठेवणारी माणसे तुम्हाला कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या जिन्यावर दिसतील. शिक्षेचे पान त्यांनी शेवटून पाहिलेले असते. त्याला जोडून आणखी एक पान द्यायला हवे: नोकरी, पेन्शन, पासपोर्ट, निवडणूक, परवाना, प्रत्येकावर काय परिणाम आणि किती वर्षे. ते लिहायला बसणाऱ्याला ‘किती वर्षे’ या रकान्यात पेन्शनपुढे, नोकरीपुढे, बिल्ल्यापुढे काय भरायचे, हे आधी कुणाला तरी विचारावे लागेल.